सगळ्यात खालचा रकाना

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक कोपरा आहे. लिफ्टमध्ये विसरलेल्या छत्र्या, बागेत सापडलेली लहान मुलांची एकेक चप्पल, कुणाचा चष्मा, कुणाचा डबा, सगळं तिथे येऊन पडतं. न्यायला कुणी येत नाही आणि आपल्याला टाकवत नाही. किश्शांचंही तसंच होतं बघा. टेबलामागे बसून राहिलं की ते आपोआप साठतात. अधूनमधून आवरायला घ्यावेत, तर हातात घेतल्यावर हसू येतं. आणि एखाद्या वेळी हसता हसता गप्प व्हायला होतं.

मी विचुंब्यातल्या एका सोसायटीत हेल्प डेस्कला बसते. नाव मोठं असलं तरी काम साधं आहे. कुणाचा नळ गळतोय, कुणाच्या जिन्यातला दिवा गेलाय, ते ऐकून घ्यायचं, कम्प्युटरवर चढवायचं आणि योग्य माणसाला पाठवायचं. योग्य माणसं तीनच. प्लंबर दत्तूभाऊ, इथल्याच गावचे, आगरी. इलेक्ट्रिशियन सलीमभाई, पनवेलहून स्कूटरवर येणारे. आणि सफाईच्या कमलमावशी, साताऱ्याकडून नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिलेल्या. आम्ही कुणीच सोसायटीचे नोकर नाही. मेंटेनन्सचं कंत्राट ज्या कंपनीकडे आहे, तिची आम्ही माणसं.

तर मागच्या वर्षी कंपनीने ठरवलं की प्रत्येक कामगाराला टार्गेट हवं. ते ठरवायला एक मॅनेजर पाठवली. ऋतुजा तिचं नाव. माझ्या मुलीपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी असेल. खांद्याला लॅपटॉप, पायात नवे बूट आणि आवाजात अशी नम्रता की लिफ्टवाल्या कंपनीचा माणूससुद्धा तिच्याशी नीट बोलायचा!

*

पहिल्या दिवशी तिने तिघांना ऑफिसात बोलावलं. खुर्च्या दिल्या. तिघंही खुर्चीच्या कडेवर बसले, कारण या ऑफिसात त्यांना आजवर कुणी बसा म्हटलंच नव्हतं.

"या वर्षी तुमचं कामातलं ध्येय काय आहे?" ऋतुजाने विचारलं.

दत्तूभाऊंनी बराच विचार केला. "पानी वर जाया पायजे. आनि आमी बोलवल्याबिगर खाली याया नको."

सलीमभाई म्हणाले, "मॅडम, पूर्ण दिवसात एकदा तरी चहा गरम मिळावा. कप तोंडाला लावला की कुणीतरी आवाज देतंच, सलीमभाई!"

कमलमावशी तर चक्क रागावल्या. "मी रोज झाडते, रोज पुन्हा कचरा हुतो. त्यात कसलं ध्येय? कचरा थांबला तर मला घरी बसवाल की!"

ऋतुजाने तिन्ही उत्तरं मनापासून लिहून घेतली. ते गेल्यावर मात्र तिने मला खरी गोष्ट सांगितली. सहा महिने गुण मोजायचे. मग एक शीट भरायची. त्या शीटच्या सगळ्यात खालच्या रकान्यात एक नाव लिहायचंच. ज्याचं नाव तिथे, त्याचं काम संपलं.

"आणि तिघंही चांगलेच निघाले तर?" मी विचारलं.

"तरी एक नाव लागतंच, ताई," ती म्हणाली. आणि लॅपटॉपची पिशवी उगीचच उघडून पुन्हा बंद केली.

ही गोष्ट आमच्या दोघींतच राहायला हवी होती. पण ऑफिसची खिडकी उघडी होती, आणि मावशी खिडकीखालीच झाडत होत्या.

*

सलीमभाईंचं टार्गेट होतं, तक्रार आल्यापासून तासाभरात काम पूर्ण. पहिला आठवडा बिचारे नुसते पळत होते. तिसऱ्या मजल्यावर बेल दुरुस्त करावी तोवर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये पंखा बंद. तास कधीच उलटून गेलेला!

दुसऱ्या आठवड्यात मात्र कमाल झाली. सगळ्या तक्रारी मिनिटाभरात पूर्ण! हेड ऑफिसकडून कौतुकाची मेल आली. ऋतुजाने ती मला दोनदा वाचून दाखवली. मी काय बोलणार? सगळं माझ्याच टेबलावर घडत होतं. सलीमभाई यायचे, रुमालाने घाम पुसायचे आणि म्हणायचे, "ताई, आता लिहा. बी विंग, दुसरा मजला, बेल वाजत नाही."

"वाजत नाही?"

"वाजते आता. पण तुम्ही लिहा, वाजत नाही. लिहिलं? आता लिहा, वाजते."

हे फार दिवस टिकलं नाही. एके दिवशी सी विंगचे एक गृहस्थ तावातावाने माझ्या खिडकीशी आले. त्यांच्या मागून सलीमभाई हात जोडत येत होते. "साहब, मेहेरबानी करा. आत्ता काही बोलू नका. आधी मी पंखा चालू करतो, मग तुम्ही आरामात तक्रार करा!"

"अरे पण माझी तक्रार आत्ता आहे!"

"आत्ता केली तर मग तिला उशीर होतो ना!"

*

मावशींचं टार्गेट होतं, सकाळी नऊ वाजता रस्त्यावर एकही पान नको. नऊला ऋतुजा फाटकाशी उभी राहून फोटो काढायची आणि हेड ऑफिसला पाठवायची.

आता आमच्या रस्त्याच्या कडेला जंगली बदाम आहे. थंडी सुरू झाली की त्याची पानं तांबडी होतात आणि वाटेल तेव्हा एकेक करून खाली येतात. मावशी झाडून पाठ वळवतात तोच ताटाएवढं पान टपकन पडतं. नेमकं फोटोत!

एका सकाळी मी आत शिरते तर काय, मावशी पदर खोचून लांब बांबूने त्या झाडाला बडवतायत. खाली आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पेणकर काका, सकाळचा फेरा मारता मारता पानांत बुडालेले.

"कमल, अगं त्या झाडाने तुझं काय घोडं मारलं?" काका डोक्यावरचं पान काढत म्हणाले.

"जी पडायची हायेत ती नवाच्या आत पाडून घेते, काका. मागनं पडली की माझं मार्क जातात."

ऋतुजाने त्या दिवशी फोटो काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती झाडाच्या अलीकडे उभी राहून पलीकडच्या रस्त्याचा फोटो काढायला लागली.

*

दत्तूभाऊ म्हणजे एकदम रोखठोक माणूस. नळ इतका पिळता कशाला, कपडा आहे का तो, असं ते तोंडावर सांगायचे. त्यांचं टार्गेट म्हणजे काम झाल्यावर रहिवाशांनी फोनवर दिलेले स्टार, आणि तेच त्यांना कमी मिळायचे. म्हणून ऋतुजाने त्यांना एक वाक्य पाठ करायला दिलं. दार उघडलं की म्हणायचं, "नमस्कार. मी दत्तात्रेय. मी आपली काय मदत करू शकतो?" आणि काम झालं की, "आपण समाधानी आहात का?"

दत्तूभाऊंनी ते पंप रूममध्ये बसून पाठ केलं. 'आपण' या शब्दाशी फार झुंजले बिचारे.

त्याच आठवड्यात ए विंगमधल्या एका घरात गिझरचा पाइप निसटला. हॉलमध्ये पाणी. दार उघडलं तेव्हा घरातले साहेब लुंगी वर धरून उभे, मागे सोफ्यावर चढलेली मुलं, आणि पाणी उंबऱ्यावरून जिन्यात येतंय. दत्तूभाऊ पाण्यात सरळ उभे राहिले. "नमस्कार. मी दत्तात्रेय..."

"अहो आत या!"

"मी आपली काय..."

"पाणी बंद करा आधी!"

"थांबा वो! मदीच तोडलं की पैल्यापासून बोलाया लागतं!"

पाइप त्यांनी चटकन जोडला, त्यात प्रश्नच नाही. पण ओल्या गालिच्यावर उभं राहून "आपण समाधानी आहात का?" हेही विचारलंच. साहेबांनी चार स्टार दिले. खाली लिहिलं होतं, "एक स्टार नमस्काराचा कापला आहे."

*

मग निघालं 'महिन्याचा उत्तम कर्मचारी'. पहिला मान दत्तूभाऊंना. लॉबीतल्या बोर्डावर त्यांचा मोठा फोटो लागला.

आठवड्याच्या आत दत्तूभाऊ ऋतुजासमोर उभे. "मॅडम, त्यो फोटो उतरवा."

"का हो? अभिमानाची गोष्ट आहे!"

"काल पनवेलला मच्छी मार्केटात गेलो. हातात बांगडं. एक बाई बोलली, तुमी आमचं प्लंबर ना? आमचा फ्लश बघा. अख्ख्या मार्केटात! त्या कोलणीनं बांगडं परत घेतलं आनि बोलली, आदी हात धून ये!"

*

ऋतुजा येण्याआधीही हे तिघं एकमेकांशी बरे होते. पण खालच्या रकान्याची बातमी पसरल्यावर मला वाटलं, आता ओढाओढी सुरू होणार. माणसं आहेत, पोट आहे. मी मनाची तयारीच ठेवली होती.

तेवढ्यात दत्तूभाऊंच्या पुतण्याची हळद आली. आमच्याकडे आगरी हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी! दत्तूभाऊ रात्रभर नाचले आणि सकाळी कामावर उगवलेच नाहीत. नेमका त्या दिवशी कुलकर्णी काकूंच्या बेसिनचा नळ हातात आला. काकू ऐंशीच्या पुढच्या, नजर अधू. माझ्याकडे तक्रार आली आणि थोड्या वेळाने पूर्ण झाल्याची खूणही आली. काम करणारा: दत्तात्रेय. पाच स्टार.

मी ऋतुजाकडे पाहिलं, ऋतुजाने माझ्याकडे. दत्तूभाऊ तर गावात घोरत पडलेले.

मग खाली काकूंचा शेरा दिसला. "काम उत्तम. आज दत्तूभाऊ हिंदी फार छान बोलत होते."

*

दुपारी तिघं पंप रूमबाहेरच्या सावलीत डबा खातात. मीही कधी कधी जाऊन बसते. सहा महिने संपत आले तसं त्यांच्या गप्पांना एक वेगळंच वळण लागलं होतं.

"मला काय फिकीर नाही," सलीमभाई म्हणायचे. "द्रोणागिरीच्या गोदामात मला कधीपण बोलवतात. उद्या गेलो तरी उद्या ठेवतील."

"आनि माझ्या भावाचा टेम्पो हाय ना पळस्प्याला," दत्तूभाऊ म्हणायचे. "त्यो तर रोज बोलतो, ये तू चालवाया."

"माझा लेक म्हनतो, आई, लई झालं, आता घरी बस," मावशी भाकरी मोडत म्हणायच्या.

हे ऐकायला फार छान होतं. फक्त दत्तूभाऊंच्या भावाचा टेम्पो गणपतीपासून बंद पडून होता. द्रोणागिरीच्या गोदामाने सलीमभाईंना दोनदा परत पाठवलेलं मला माहीत होतं. आणि मावशींचा लेक सासुरवाडीच्या एका खोलीत राहायचा. तिघांनाही एकमेकांचं हे सगळं ठाऊक होतं. पण कुणी कुणाला खोडून काढलं नाही. "मग काय, तुझं बरंय," असं म्हणून लोणच्याची बाटली पुढे सरकायची.

ऋतुजा बिचारी सगळे उपाय करून थकली. शेवटी एकेकाला आत बोलावून तिने सरळ विचारलं, "तिघांत सगळ्यात कमी काम कोण करतं?"

दत्तूभाऊ म्हणाले, "मॅडम, सलीम वायरीला हात लावतो, मावशी घानीला. मी नुसता पान्यात खेलतो." आणि निघून गेले.

सलीमभाई म्हणाले, "ती लिफ्ट. दिवसभर वर जाते, खाली येते, आणि दर महिन्याला सर्व्हिस मागते. तिचं नाव लिहा!"

मावशींनी विचारायलासुद्धा वेळ दिला नाही. "कमी काम? वरच्या मजल्यावरच्या सुना करतात. खिडकीतनं कचरा टाकतात बया!"

*

पेणकर काकांचं सांगायचं राहिलंच. काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पेणकर नावाचा माणूस पनवेलचा आणि मराठीत शिव्या देणारा, म्हणून नवीन माणसाला पटकन लक्षात येत नाही. बँकेतून रिटायर झालेले. पण शनिवारी पेन हातात धरत नाहीत आणि फोनला शिवत नाहीत. त्यांचा शब्बाथ असतो, काम न करण्याचा पवित्र वार.

आणि हेड ऑफिसने नेमका शनिवार ठरवला! सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिघांबद्दल मत लिहून सही करायची, शनिवारी संध्याकाळपर्यंत. ऋतुजा कागद घेऊन काकांकडे गेली. काका म्हणाले, "आकाशात तीन तारे दिसले की माझा शनिवार संपला. मग लिहितो. बस इथे."

दोघं बागेतल्या बाकावर बसली. मी ऑफिस बंद करून निघाले होते, मीही टेकले. आता विचुंब्याच्या आकाशात तारे शोधायचे म्हणजे कठीणच! आधी दिसतात ते नव्या टॉवरांच्या क्रेनवरचे लाल दिवे.

"काका, तो बघा एक!" ऋतुजा म्हणाली.

"ते विमान आहे."

मग ती हळूच म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा ना. शेवटचं नाव कुणाचं लिहू? मला झोप येत नाही हो हल्ली."

काका आकाशाकडेच बघत होते. "माझा भाऊ गेला इस्रायलला. बहीण गेली. दोन्ही मुलं गेली. मुलगा फोनवर दर वेळी विचारतो, पप्पा, तिथे असं काय आहे? मी सांगायला जातो, आणि सांगण्यासारखं काहीच सापडत नाही. सकाळी दत्तू खालून ओरडतो, पानी आलं का वर? मी वरून ओरडतो, आलं! कमल मला बघून झाडू बाजूला घेते आणि म्हणते, जावा आता. सलीम ईदला डबा आणतो. एवढंच. आता हे तुझ्या कागदावर कुठल्या रकान्यात बसवू?"

ऋतुजा कागद मांडीवर पालथा ठेवून पुन्हा तारे शोधायला लागली.

तीन तारे मोजून झाल्यावर काकांनी तिचं पेन मागून घेतलं. 'कामाबद्दल मत' असं प्रत्येक नावासमोर छापलेलं होतं. काकांनी तिन्ही ठिकाणी एकच लिहिलं, "हवे आहेत." आणि सही केली.

*

ऋतुजाने शेवटी काय केलं, तर शीट भरली आणि सगळ्यात खालचा रकाना तसाच मोकळा ठेवून पाठवून दिली. दोन दिवसांत शीट परत आली. मागोमाग हेड ऑफिसच्या साहेबांचा फोन, "तुम्हाला जमत नसेल तर मी सोमवारी येतो. कामं स्वतः बघतो आणि जागेवरच नाव लिहितो."

फोन स्पीकरवर होता, आणि आमच्या ऑफिसची खिडकी काही बंद होत नाही.

सोमवारी मी लवकरच निघाले. मनात म्हटलं, आज तिघं जीव तोडून काम करतील. फाटकातून आत आले आणि जागच्या जागी थबकले.

लॉबीत चिखलाच्या पाण्याने पुसलेले हे मोठाले फराटे! आरशावर हातांचे ठसे. मावशी पायरीवर बसून निवांत चहा पीत होत्या. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण कामाच्या वेळात टेकलेलं त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"मावशी, हे काय? साहेब येतायत!"

"येऊ दे की. आज मला कंटाळा आलाय."

फक्त एक होतं. चिखल सगळा मधोमध. भिंतीच्या कडेने, जिथून म्हातारी माणसं कठड्याला धरून जातात, तिथली फरशी लख्ख कोरडी होती.

मी जिन्याकडे वळले तर काळोख. एकही दिवा नाही. सलीमभाई मीटरच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून, डोळे मिटून बसलेले. "सलीमभाई, दिवे?"

"उद्या बघू, ताई." डोळे न उघडताच म्हणाले. पण प्रत्येक मजल्यावर जिथे जिना वळतो, तिथे पायरीवर एकेक छोटा बॅटरीचा दिवा ठेवलेला होता.

एवढ्यात बाहेर साहेबांची गाडी थांबली. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. ते दोन पावलं चालले असतील नसतील, तोच गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो सुरू झाला आणि बिल्डिंगच्या कडेने पाण्याची धार खाली आली. थेट साहेबांच्या खांद्यावर!

धारेच्या पलीकडे दत्तूभाऊ भिंतीला टेकून केस विंचरत उभे होते. शेजारी त्यांनी सोसायटीतली सगळी पिंपं आणून लावलेली. धार हलली की ते पायानेच पिंप इकडचं तिकडे सरकवायचे, थेंबही वाया जाऊ नये म्हणून.

"पंप बंद करा!" साहेब ओरडले.

दत्तूभाऊंनी कंगवा खिशात ठेवला. "नमस्कार" नाही, काही नाही. "करतो. काय घाई हाय?"

पाच मिनिटांत आम्ही सगळे ऑफिसात. साहेबांच्या शर्टातून पाणी ठिबकतंय, बुटांना लॉबीतला चिखल, आणि अंधारात कशावर तरी आपटल्यामुळे ते एक पाय जरा जपून टेकतायत. तिघं ओळीने उभे, समोर बघत. एकमेकांच्या कामाचं त्यांनी अजून काही पाहिलेलं नव्हतं. ज्याने त्याने आपापलंच.

साहेबांनी टॅबलेट पुसला, शीट उघडली आणि खालच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इतकी वर्षं कामं बघतोय, असं कुठे बघितलं नाही! पण इथे नाव एकच जातं. एकच! सांगा, तुमच्यात सगळ्यात वाईट काम कुणाचं आहे?"

तिन्ही हात एकदम वर गेले.

मग तिघांनी एकमेकांकडे वळून पाहिलं. वर गेलेले हात तसेच.

"तू कशाला रं?" दत्तूभाऊ सलीमभाईंना म्हणाले.

"अरे, तुझं काय मध्येच? जिना पाहिला का माझा? पूर्ण काळोख!"

"साहेबांना मी भिजवलाय! सगळ्यांसमोर!"

"गप बसा दोघं! हात खाली करा, मेल्यांनो!" कमलमावशी एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी आपला हात आणखी उंच केला. "साहेब, ह्यांचं ऐकू नका. तुमी घाईघाईत आलासा, माझी लॉबी तुमी नीट बघितलीच न्हाई. चला परत, दावते!"